टेरिलिनच्या खिशातलं पासबुक

कुसाबाईनं कमरेची पिशवी सोडली तेव्हा मला वाटलं, ती सुटे पैसे शोधते आहे. मेथीची जुडी माझ्या हातात होती, रुपयाची नोट मी पुढे केली होती, आणि ऑफिसच्या फाटकाबाहेर पाच वाजताची नेहमीची गडबड होती. पण पिशवीतून तिनं पैसे काढले नाहीत. प्लास्टिकच्या कागदात गुंडाळलेलं एक गुलाबी पासबुक काढलं, पदरानं उगीचच पुसलं आणि माझ्या नाकासमोर धरलं. "वळखलं का भाऊ? तुमचंच हाय तसलं. अकरा म्हयने झाले. येक हप्ता चुकला नाय माझा." मी पासबुकाकडे पाहिलं. भाग्यवर्धिनी फायनान्स. वर कमळातली लक्ष्मी, खाली कुसाबाईच्या अंगठ्याचा निळा ठसा.  कुसाबाई मखमलाबादची, मळ्यातली भाजी सकाळी बाजारात विकून उरलेली संध्याकाळी आमच्या फाटकावर आणणारी, आणि ती हसत होती. मी विचारलं, "हे कधी काढलंत मावशी?" तिनं सगळं सविस्तर सांगितलं. मोतीराम एजंट मळ्यात आला होता. "म्हनलं, बाबा, मला लिवता-वाचता येत नाय. पन पाटबंधाऱ्याचे पगारेभाऊ खिशात ठिवतेत, तीच ना ही? तो म्हनला, तीच. मंग काय, दिला अंगठा. वांगं घेताना चारदा उलटून बघनारा मानूस, त्यो इचार केल्याबिगर पैसा टाकील व्हय!" माझ्याकडे तसलं पासबुक होतं हे खरं. फक्त त्यात एक पैसाही मी कधी भरला नव्हता.

हे मी तिला तिथल्या तिथं सांगायला हवं होतं. वाक्य लहान होतं, पाच-सहा शब्दांचं. पण तेवढ्यात ती लताबद्दल बोलू लागली. लता तिची मुलगी, एकोणीस वर्षांची, सासरहून परत पाठवलेली. ती आता रात्रशाळेत जाऊन मॅट्रिकला बसणार, मग तिला नर्सिंगला घालायची. दोन वर्षं हप्ते भरले की निम्मी रक्कम उचलता येते असं मोतीरामनं सांगितलं होतं, म्हणजे अजून तेरा महिने. "तिच्या बापाला ठावं नाय, भावालाबी नाय," ती म्हणाली. "तुमालाच सांगितलं." मग तिनं मला पन्नास पैसे परत दिले, वर कोथिंबिरीच्या चार काड्या टाकल्या, आणि मी सायकल हातात धरून चालू लागलो. सायकलवर बसायचं माझ्या लक्षातच आलं नाही. त्र्यंबक रोडवरून सातपूरच्या कारखान्यांतले लोक घंट्या वाजवत जात होते, आणि मी जुडी हँडलला अडकवून रस्त्याच्या कडेनं वरातीमागून घोडं यावं तसा चाललो होतो.

दोनच दिवसांपूर्वीची गोष्ट. आमच्या ऑफिसातला निवृत्ती केदारे सिन्नरच्या उपविभागातून बिलं घेऊन आला होता. चहा पिता पिता तो म्हणाला की सिन्नरची भाग्यवर्धिनीची शाखा आठ दिवसांपासून बंद आहे, पाटीसुद्धा उतरवली आहे, आणि असल्या सोडतीच्या योजनांवर सरकारनं बंदी घातली आहे म्हणतात. ते ऐकून मला काय वाटलं? खरं सांगायचं तर बरं वाटलं. अगदी छान वाटलं. सगळं आयुष्य मी घाबरण्यात घालवलं आणि माझी बायको सुमन मला त्यावरून टोमणे मारते, तर बघा म्हणावं, शेवटी कोण शहाणा ठरला. त्या दिवशी मी निवृत्तीला दुसरा चहा पाजला, माझ्या पैशानं. आता तोच चहा दोन दिवसांनी घशाशी येत होता.

मी ट्रेसर आहे. इंजिनियर पेन्सिलीनं धरणाचे, कालव्यांचे नकाशे काढतात आणि त्यावर निळसर ट्रेसिंग क्लॉथ पसरून मी त्या रेघा शाईनं गिरवतो. आपल्या मनची रेघ ओढायची नाही, हा या कामाचा पहिला आणि शेवटचा नियम. चुकलं तर ब्लेडनं हलकेच खरवडायचं, खडूची पूड चोळायची आणि पुन्हा ओढायचं. एकोणीस वर्षांत मी दुसऱ्यांच्या रेघा इतक्या नीट गिरवल्या आहेत की माझ्या हाताचं सगळे कौतुक करतात. पण कुठं काय बांधायचं हे मला कोणी विचारलेलं नाही, आणि विचारू नये असंच मला वाटतं. त्यामुळे गेल्या वर्षी, अठ्ठ्याहत्तरच्या उन्हाळ्यात, पगारातून दरमहा दहा-वीस रुपये बाजूला टाकायचे असं सुमननं ठरवलं आणि "कुठं टाकायचे ते तुम्ही बघा" असं म्हणून मोकळी झाली, तेव्हापासून माझी झोप गेली. पैसे बाजूला काढणं सोपं होतं. ते ठेवायचे कुठं, हे कोणी सांगत नव्हतं. म्हणजे सगळेच सांगत होते, तीच तर पंचाईत.

सिद्धार्थनगरातल्या आमच्या चाळीत बायकांची भिशी होती. बारा जणी, दरमहा चिठ्ठी, जिची निघेल तिला सगळ्यांचे पैसे. मला वाटायचं, पहिल्याच महिन्यात जिची निघाली तिनं पुढे द्यायचं बंद केलं तर? कुणाच्या दारात जाऊन भांडायचं? सुमन म्हणायची, "अहो, त्या काय पळून जाणार आहेत? समोरच्याच खोलीत राहतात." समोर राहणारं माणूस पैसे बुडवून समोरच राहिलं तर ते पळून जाण्यापेक्षा वाईट, हे तिला पटायचं नाही. मग विमा. विम्याचा एजंट सज्जन होता, पण त्यानं जन्मतारीख विचारली. शाळेत नाव घालताना मास्तरांनी आमच्या सगळ्या आळीची जन्मतारीख एक जून लावली होती आणि वर्ष चेहरा बघून. मी मेल्यावर कोणी खऱ्या वयाची चौकशी केली आणि सुमनचे पैसे अडकले तर, या विचारानं मी त्याला तीनदा परत पाठवला. चौथ्यांदा तो आला नाही. पोस्टाची पाच वर्षांची ठेव होती, दरमहा दहाची. अल्पबचतीच्या यशोदाबाई दहा तारखेला कार्ड घेऊन घरी यायच्या आणि पैसे घेऊन पोस्टात भरायच्या. पोस्ट बुडत नाही हे मलाही कळत होतं. पण यशोदाबाई आजारी पडल्या तर? कार्डावर सही केली आणि पोस्टात भरायला विसरल्या तर? शिवाय व्याज इतकं कमी की पाच वर्षांनी जे हातात येईल त्यात त्या वेळी काय विकत घेता येईल, याचा हिशेब मी ट्रेसिंग क्लॉथच्या तुकड्यांवर करत बसायचो.

आणि मग मोतीराम. बोर्डिंगात माझ्या शेजारी झोपायचा, आता भाग्यवर्धिनीचा एजंट. मेन रोडवर भांड्यांच्या दुकानावर त्यांचं ऑफिस, दर पहिल्या रविवारी सोडत. तुमचा नंबर लागला की प्रेशर कुकर नाहीतर भिंतीवरचं घड्याळ, एकाला सायकल, आणि पुढचे हप्ते माफ. नंबर नाही लागला तर पाच वर्षांनी सगळे पैसे वर बोनससकट. मला पटत नव्हतं, पण मोतीरामला नाही म्हणणंही जमत नव्हतं. त्यानं माझ्या नावाचं पासबुकच तयार करून आणलं. "पैसे तू सावकाश भर. वही राहू दे तुझ्याजवळ. विचार कर." मी विचार करू लागलो. आता ते पासबुक ठेवायचं कुठं? घरी ठेवलं तर सुमन विचारणार, "मग ठरलं का?" टेबलाच्या खणात ठेवलं तर निवृत्ती विचारणार. म्हणून मी ते शर्टाच्या खिशात ठेवलं, तिथं कोणी बघणार नाही म्हणून. त्या वर्षी मी दोन टेरिलिनचे पांढरे शर्ट शिवले होते, आणि टेरिलिनच्या खिशातून काय काय दिसतं हे शर्ट घालणाऱ्याला सोडून सगळ्यांना माहीत असतं. पाच महिने मी ती गुलाबी लक्ष्मी छातीवर घेऊन हिंडलो. शेवटी दिवाळीच्या आधी एका दहा तारखेला यशोदाबाई दारात उभ्या असताना सुमननं माझ्या हातातून दहाची नोट काढून त्यांना दिली, आणि मी पोस्ट निवडलं. पोस्टाचं कार्ड ट्रंकेत गेलं, ते कोणाला दिसलं नाही. गुलाबी पासबुक ऑफिसच्या खणात जुन्या नकाशांखाली गेलं. मोतीरामला मी "सध्या जमत नाही" असं सांगितलं होतं. मखमलाबादच्या मळ्यात उभं राहून त्यानं माझं नाव वापरलं, याचा मला राग यायला हवा होता. पण त्यानं काय खोटं सांगितलं? खिशात ठेवतात तीच ना, असं तिनं विचारलं आणि तो हो म्हणाला.

घरी पोचलो तेव्हा सुमन म्हणाली, "किती उशीर? आणि मेथी अशी कोमेजली कशी?" मी म्हणालो, पंक्चर. जेवताना मी अर्धी भाकरी परत टोपलीत ठेवली. मी स्वतःला समजावलं की सिन्नरची शाखा बंद म्हणजे नाशिकची बंद नव्हे, आणि तसंही मी तिला घे म्हणालो नव्हतो. मी तर तिच्याशी भाजीशिवाय कधी काही बोललोच नव्हतो. कोर्टात उभं केलं तर मी निर्दोष सुटेन, इतका निर्दोष. पण मनाला ते काही पटत नव्हतं, आणि का पटत नव्हतं हे मला ठाऊक होतं. माझे वडील देवळालीला रस्ता दुरुस्तीच्या गँगमध्ये मजूर होते. त्या काळी बाजारात वाणी त्यांच्या हातचा पैसा हातात घेत नसे. पैसा पायरीवर ठेवायचा, वाणी त्यावर पाणी शिंपडणार आणि मग उचलणार. मी पाच-सहा वर्षांचा असताना वडिलांचं धोतर धरून हे पाहिलेलं आहे. ओला पैसा उन्हात चमकायचा तो आठवतो. आणि आज मखमलाबादची एक माळीण, नवऱ्याला न सांगता, मुलाला न सांगता, माझ्या खिशाकडे बघून आपला पैसा टाकते. फाटकावर तिनं मला "भाऊ" म्हणायला सुरुवात केली तेव्हा घरी जाऊन मी सुमनला ते दोनदा सांगितलं होतं. मला तिचं ते म्हणणं हवं होतं, आणि ते जाईल याची भीती वाटत होती. तिचे पैसे बुडतील याची भीती त्याच्यानंतर होती. हा क्रम मला त्या रात्री अंथरुणावर स्पष्ट दिसला आणि मी कूस बदलली.

वडिलांचीही एक बचत होती. गँगचा मुकादम दरमहा प्रत्येकाचा एक रुपया ठेवून घ्यायचा, चामड्याच्या पाकिटात. वडिलांनी आपल्या ओळखीनं आणखी चौघांना त्याच्याकडे नेलं होतं. मुकादम एका पहाटे गेला आणि त्याची बायको म्हणाली, मला काही बोलले नाहीत. वडिलांनी तिघांचे पैसे वर्षभरात थोडे थोडे करून फेडले. चौथा चिमाजी, त्यानं घेतले नाहीत. "तुझं बी गेलंच की," म्हणाला. तेव्हापासून वडील चिमाजीच्या दारावरून जात नसत. विहिरीवर जायचं तर मारुतीच्या मागून वळसा घालून जायचे, हंडा खांद्यावर घेऊन, म्हातारपणीसुद्धा. आई म्हणायची, "अवो, त्यो तर हसून बोलतोय." तर वडील म्हणायचे, "म्हनूनच." मी दहा-अकरा वर्षांचा होतो आणि मला ते अगदी वेडेपणाचं वाटायचं.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, मी वाक्य तयार करून गेलो. मावशी, माझं त्या कंपनीत खातं नाही. दिवसभर कडवा कालव्याचा एक लांबलचक छेद-नकाशा गिरवत होतो आणि प्रत्येक रेघेबरोबर ते वाक्य म्हणत होतो. तीन वाजता रूलिंग पेनातून शाईचा थेंब पडला. असं माझ्या हातून सात वर्षांत झालं नव्हतं. निवृत्ती म्हणाला, "काय पगारे, आज काय प्रेमात पडलात की काय?" मी ब्लेडनं खरवडत बसलो. खरवडता खरवडता वाटलं, तिला सांगितल्यावर ती पहिला प्रश्न काय विचारेल? मग ती वही छातीवर घेऊन का फिरायचा? याला उत्तर काय? मला नाही म्हणता येत नाही, म्हणून. एक बेचाळीस वर्षांचा सरकारी नोकर फाटकावर उभा राहून हे सांगणार. पाच वाजता मी बाहेर गेलो. कुसाबाई भेंड्या निवडत होती. मी तोंड उघडलं आणि तोंडातून वेगळंच वाक्य बाहेर आलं. "मावशी, ते पासबुक जरा द्या. मेन रोडला जाणार आहे, तपासून आणतो." तिनं का, कशाला, काही विचारलं नाही. काढून दिलं. अंगाच्या उबेनं ते गरम झालं होतं.

शनिवारी मी भांड्यांच्या दुकानाशेजारचा जिना चढलो. ऑफिस उघडं होतं. काउंटरवर गर्दीसुद्धा होती, आणि भिंतीवर सोडतीत सायकल लागलेल्या माणसाचा हार घातलेला फोटो होता. ती गर्दी बघून मला क्षणभर वाटलं, सगळं ठीकच असेल. काउंटरवरचा माणूस फार नम्र होता. त्यानं कुसाबाईचं पासबुक उलटं केलं आणि मागच्या बारीक अक्षरांवर बोट ठेवलं. वर्ष पुरं व्हायच्या आत नाव काढलं तर भरलेली रक्कम परत मिळणार नाही. वर्ष झाल्यावर निम्मी. "अजून एकच हप्ता भरा ना साहेब. मग निम्मे मिळतील." मी विचारलं, "सिन्नरचं ऑफिस बंद आहे म्हणे?" तो म्हणाला, "रंगरंगोटी चालू आहे." आणि माझ्यामागच्या माणसाकडे बघून हसला. जिना उतरून मी रस्त्यावर उभा राहिलो. दिवाळीच्या खरेदीची झुंबड, कंदिलांच्या दुकानांत माणूस माणसाला लागत होतं. वरच्या खिशात ऑफिसातून घेतलेली सणाची उचल होती, सुमनच्या लुगड्याची आणि घरातल्या कपड्यांची. कुसाबाईनं अकरा महिन्यांत वीस-वीस करून दोनशे वीस रुपये भरले होते. माझ्या डोक्यात एकदम सगळं स्वच्छ झालं. तिला तिचे पैसे मिळाले म्हणजे झालं ना? ते कंपनीकडून आले की माझ्याकडून, पैशाला काय कळतं? मी तिला कंपनीतून सोडवणार, तिचं नुकसान शून्य, आणि ते लहान वाक्य मला कधीच म्हणावं लागणार नव्हतं. वडिलांनीही फेडलेच होते. वडिलांनी का फेडतोय ते सांगून फेडले होते, ही गोष्ट मला त्या गर्दीत आठवली नाही.

सोमवारी मी तिच्या हातावर दोनशे वीस रुपये ठेवले. नोटा मी मुद्दाम बँकेत मोडून जुन्या घेतल्या होत्या आणि तिचं पासबुक माझ्या खणात लपवलं होतं, इतकी माझी तयारी. ती नोटांकडे बघतच राहिली. "हे काय?" मी म्हणालो, "तुमचे हप्ते. कंपनीनं परत केले. आता तुम्ही पोस्टात टाका, पोस्ट बरं." तिच्या कपाळावर आठी पडली. "आसं कसं दिलं? कोन देतं आसं?" त्या आठीनं मी घाबरलो. तिला संशय आला असता तर पुढे सगळंच उलगडलं असतं. म्हणून मी हसलो आणि म्हणालो, "मागितले की देतात." आठी गेली. तिनं नोटा दोनदा मोजल्या, कपाळाला लावल्या आणि पिशवीत घातल्या. मी सायकलवर बसलो आणि घंटा वाजवत घरी गेलो. त्या संध्याकाळी मी दोन भाकरी जास्त खाल्ल्या. सुमननं उचलीचं विचारलं तेव्हा मी सांगितलं की यंदा खात्यानं कमीच दिली. ती म्हणाली, "बरं, माझं राहू द्या. पोरांचं बघू." ते मला लागलं. पण मंगळवारी मी दिवसभर इतकं सुरेख काम केलं की साहेबांनी नकाशा उचलून खिडकीशी नेऊन पाहिला. एका लबाडीत दोन घरं सुखी झाली असं मी मनात म्हणत होतो, आणि तरीही मधूनच हात थांबवून मी खिसा चाचपत होतो. खिशात काही नव्हतं.

बुधवारी कुसाबाई फाटकावर एकटी नव्हती. टोपलीमागे आणखी दोन बाया उभ्या होत्या, नव्या लुगड्यातल्या, शहरात कामासाठी आल्यावर घालतात तशा. मला बघताच कुसाबाईनं हात वर केला. "आले बघा! भाऊ, या हिकडं. ही ठमाबाई, माझ्या बांधाला बांध. ही बयाबाई, तिची जाव. ह्यांचा माझ्यावर इस्वास नाय. म्हनत्यात, टाकलेले पैसे परत कोन देतं? म्हनलं चला, ज्यांनी आनून दिले त्यांच्याच तोंडून ऐका. सांगा भाऊ. मागितले का देतेत का नाय?" दोघी माझ्या तोंडाकडे बघत होत्या. ठमाबाईच्या मुठीत वीसची नोट होती, घामानं मऊ झालेली.  मी विचारलं, "मावशी, तुमचे पैसे पोस्टात टाकलेत ना?" हे विचारताना माझाच आवाज मला चोरासारखा ऐकू आला. "पोस्टात कशाला?" ती म्हणाली. "आता तर भ्याच राहिलं नाय. आजच सकाळी लताला घिऊन गेले. चाळिसाची वही काढली, तिच्या नावानं. पाच हप्ते यकदम भरले, दोनशे. वीस रुपयाचे पेढे घेतले, हे घ्या." तिनं पानात बांधलेला पुडा माझ्या हातात दिला.

पुडा धरून मी उभा राहिलो. ऑफिसातली माणसं दोन्ही बाजूंनी जात होती, निवृत्ती मला "येतो हां पगारे" म्हणून गेला, आणि माझ्या डोक्यात अजूनही वाटा निघत होत्या. ठमाबाईला म्हणता येईल, सोडत सध्या बंद आहे. बयाबाईला म्हणता येईल, दिवाळीनंतर बघू. कुसाबाईसाठी पुन्हा कुठून तरी दोनशे उभे करता येतील. सोसायटीचं कर्ज, पोस्टाची ठेव मोडून, सुमनच्या कानातलं. मग पुन्हा परत दिल्याचं सांगता येईल आणि ती पुन्हा आणखी चौघींना घेऊन येईल. हा विचार इथपर्यंत आला आणि मी तो सोडून दिला. "मी त्या कंपनीत एक पैसाही भरलेला नाही," मी म्हणालो. गरजेपेक्षा मोठ्यानं म्हणालो, रस्त्यावरच्या एका सायकलवाल्यानं वळून पाहिलं. "कधीच नाही. नुसती वही होती. माझे पैसे पोस्टात आहेत."

कुसाबाई हसली. तिला मी गंमत करतो आहे असं वाटलं. मग तिनं माझ्याकडे नीट पाहिलं आणि हसू होतं तिथंच राहिलं. "आनि सोमवारचे पैसे?" "माझे." "कंपनीनं नाय दिले?" "नाही. ते वर्षाच्या आत देत नाहीत. सिन्नरचं त्यांचं ऑफिस बंद पडलंय. मला गुरुवारी माहीत होतं." एवढं बोलून झालं तेव्हा माझ्या लक्षात आलं की बोलायला अर्धं मिनिटसुद्धा लागलं नव्हतं. कुसाबाई टोपलीच्या काठावर टेकली. बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजलं. "म्हंजी आता लताच्या वहीचं वर्स पुढच्या दिवाळीला पुरं व्हनार," ती म्हणाली. "तवर ते राहतीन का?" मी म्हणालो, "माहीत नाही, मावशी." तिनं मान हलवली. ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं. ती पदरानं ओठ पुसत खाली बघत होती, भेंड्यांकडे, आणि म्हणाली, "भाऊ, गुरुवारी यक शब्द बोलला असता, तर म्या काय तुमाला खाल्लं असतं का?"

नसतं खाल्लं. हे मला गुरुवारीही माहीत होतं. मी म्हणालो, "चला, आत्ता जाऊ मेन रोडला. मी बोलतो त्यांच्याशी." ती उठली, लुगड्याची माती झटकली, पण माझ्याबरोबर निघाली नाही. "मी लताला घिऊन जाईन," ती म्हणाली. "तिला वाचता येतं."

ठमाबाईनं मुठीतली नोट चोळीत परत खोचली. "मंग आपुन कुठं टाकायचे गं?" तिनं विचारलं. मी तिच्यासमोर दोन हातांच्या अंतरावर उभा होतो. हा प्रश्न तिनं कुसाबाईला विचारला.